जुना नकाशा आजच्या धुळ्यावर बसत नाही तेव्हा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आजीचं माहेर जुन्या धुळ्यातलं. घरामागून पाट वाहायचा, असं ती सांगायची. तुम्हाला एक इंचाला एक मैल मापाच्या जुन्या सरकारी नकाशाच्या शीटचा मोबाइलवर काढलेला फोटो मिळाला. तो तुम्ही गुगल अर्थवर ठेवला, तर धुळ्याची पांझरा नदी शे-सव्वाशे मीटर बाजूला दिसते. चार कोपरे जुळवले की शहर हलतं, शहर जुळवलं की कोपरे सुटतात, आणि पाट तर कुठेच नाही. नदी सरकली का, आणि यापेक्षा चांगलं सॉफ्टवेअर कोणतं, असं तुम्ही विचारलंय.

माझी सगळी नोकरी खान्देशात जमीन मोजण्यात गेली. आधी साखळी आणि मोजणीचा फळा, मग टोटल स्टेशन हे इलेक्ट्रॉनिक मोजणी यंत्र, शेवटची काही वर्षं संगणकावर. निवृत्तीनंतर जुने नकाशे आजच्या नकाशावर बसवण्याचा नाद लागला. त्या अनुभवावरून सांगतो की तुमची अडचण सॉफ्टवेअरची नाही. दोन नकाशे जुळत नाहीत तेव्हा त्या न जुळण्यात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात: कागद आणि फोटो बिघडवतात ते, मोजणीच्या पद्धतीमुळे पडतं ते, आणि गाव खरोखर बदललं ते. आपल्याला हवी असते तिसरी. पहिल्या दोन वजा केल्याशिवाय ती हाती लागत नाही.

आधी नदीचं बघू. पांझरा खरोखर सरकली असती तर फक्त पांझराच सरकली असती. म्हणून एक साधी तपासणी करा. शीटवर लळिंगचा किल्ला शोधा, मुंबई-आग्रा रस्त्याला कुठे फाटा फुटतो ते शोधा, देवपूरकडचं एखादं जुनं देऊळ शोधा. हे सगळं नदीइतकंच आणि त्याच दिशेला सरकलेलं दिसतंय का? माझा अंदाज आहे की दिसेल. आपल्या जुन्या शीटवरचे अक्षांश-रेखांश जॉर्ज एव्हरेस्टने १८३० साली मांडलेल्या पृथ्वीच्या मापावर बेतलेले आहेत, तर गुगल अर्थ आणि मोबाइलचं जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या मापावर चालतं. कोपऱ्यातला अंक तोच असला तरी जमिनीवरची जागा वेगळी येते. आपल्या भागात हा फरक साधारण शंभर-सव्वाशे मीटर पडतो, म्हणजे तुम्हाला दिसला तेवढाच. नदी जागेवरच आहे, तिला मोजायची पट्टी बदलली.

शीट विसाव्या शतकाच्या आधीची असेल तर आणखी एक गोम आहे. त्या काळचे रेखांश मद्रास वेधशाळेच्या जुन्या मूल्यावरून काढलेले असत आणि ते पुढे सुमारे अडीच मिनिटांनी दुरुस्त करावे लागले. अडीच मिनिटं म्हणजे आपल्याकडे चार किलोमीटरहून जास्त. अशी शीट कोपऱ्यांवरून बसवली तर धुळं थेट शेतात जाऊन पडतं. तुमचा फरक शे-सव्वाशे मीटरच आहे, त्यावरून तुमची शीट त्या दुरुस्तीनंतरची असावी. खात्री करायची तर शीटवर रेल्वे बघा. चाळीसगाव-धुळे फाटा १९०० साली सुरू झाला, तो नसेल तर मोजणी त्याआधीची. जिल्ह्याचं नाव नुसतं 'खान्देश' असेल तर १९०६ च्या आधीची, 'पश्चिम खान्देश' असेल तर नंतरची. छापल्याचं वर्ष आणि मोजल्याचं वर्ष यांत कधी कधी वीस-तीस वर्षांचं अंतर असतं. मोजल्याचं वर्ष तळटिपेत बारीक अक्षरात असतं आणि आपल्याला तेच हवं असतं.

आता पाट. तो तुमच्या शीटवर सापडत नाही यात नवल नाही. एक इंचाला एक मैल म्हणजे १:६३,३६०. त्या कागदावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर जवळपास ३२ मीटर रुंद होते. दोन-तीन हात रुंदीचा पाट त्या मापात दाखवायचा तर चित्रकाराला तो मुद्दाम फुगवून काढावा लागतो, आणि वस्तीच्या गर्दीत तो बहुतेकदा सोडूनच देतो. अशा शीटवरून शहर कुठपर्यंत होतं, नदीला उतार कुठे होता, कुठल्या गावाला कुठली वाट जात होती, हे नीट कळतं. घर कळत नाही. इंटरनेटवर अमेरिकी लष्कराने १९५० च्या दशकात छापलेले १:२,५०,००० मापाचे नकाशे सहज मिळतात आणि लोक त्यात गल्ल्या शोधत बसतात. त्यात एक मिलिमीटर म्हणजे पाव किलोमीटर. वेळ घालवू नका.

तुम्हाला हवेत ते महसुली नकाशे. गाव नकाशा साधारण १:७,९२० मापाचा असतो, म्हणजे इंचाला वीस साखळ्या, आणि साखळी ३३ फुटांची. त्यात अर्धा मिलिमीटर म्हणजे चार मीटर, पाट आरामात दिसतो. पण इथे बहुतेक लोक अडखळतात. गाव नकाशा सारा, म्हणजे जमिनीवरचा सरकारी कर, ठरवण्यासाठी केलेला होता. ज्या जमिनीवर सारा नाही तिच्यात मोजणीदाराला रस नव्हता. म्हणून शेतांचे बांध, विहिरी, पाट, ओढे सगळं नीट दाखवलेलं असतं आणि मधोमध गावठाण, म्हणजे घरांची वस्ती, मात्र कोरं. नवखा माणूस समजतो की गाव तेव्हा रिकामं होतं. गाव भरलेलं होतं, मोजणारा त्याच्या वेशीपाशी थांबला होता. या मोजणीकडे लोक काय नजरेने बघत होते तेही लक्षात ठेवा. १८५२ मध्ये सावदा, एरंडोल भागात लोकांनी तिला उघड विरोध केला, तो इतका वाढला की सरकारला बळ वापरावं लागलं. नकाशावरची प्रत्येक रेघ कुणाच्या तरी साऱ्याशी बांधलेली होती.

गावठाणाच्या आतलं हवं असेल तर सिटी सर्व्हेचा, म्हणजे नगर भूमापनाचा नकाशा लागतो. त्याचं माप एवढं मोठं असतं की ओटा आणि भिंत वेगळी कळते. त्याच्या जोडीला मिळकत पत्रिका, म्हणजे जागा कुणाच्या नावावर आहे त्याची नोंद, असते. आजीच्या वडिलांचं नाव जुन्या पत्रिकेत सापडलं, तर निम्मं काम तिथेच झालं. भूमी अभिलेख कार्यालयात नगर भूमापन क्रमांक देऊन नकलेसाठी रीतसर अर्ज करा. क्रमांक माहीत नसेल तर आज त्या जागेवर जे घर आहे त्याच्या शेजाऱ्यांकडे विचारा, घरपट्टीच्या कागदावर तो बरेचदा असतो. शेतजमिनीचं काही शोधणार असाल तर जुना सर्व्हे नंबर आणि आजचा गट नंबर एकच समजू नका. १९४७ च्या कायद्याखाली जमिनीच्या तुकड्यांचं एकत्रीकरण झालं तेव्हा नंबर बदलले. जुन्या आणि नव्या नंबरांचा मेळ एकत्रीकरणाच्या पुस्तकात असतो, तो आधी बघा.

आता तुमच्या पाटाबद्दल मला काय वाटतं ते सांगतो, कारण इथे जुना नकाशा नसतानाही तर्काने बरंच जवळ जाता येतं. १८१८ मध्ये खान्देश ईस्ट इंडिया कंपनीकडे आला आणि कंपनीचा अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्ज इथे आला. १८१९ च्या जानेवारीत कचेऱ्या बांधायला त्याने मंजुरी मिळवली, बाहेरून कारागीर आणले, वसायला येणाऱ्यांना जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या. तेव्हाचं धुळं ४०१ घरांचं आणि २,५०९ माणसांचं. त्याने केलेलं वर्णन तुमच्या कामाचं आहे: बागायतीने वेढलेलं, एका बाजूला पाट आणि दुसऱ्या बाजूला नदी यांच्यात कोंडलेलं लहानसं गाव.

'पाट आणि नदी यांच्यात' हे शब्द फडाची, म्हणजे पाटाच्या पाण्यावर शेती भिजवण्याची जुनी पद्धत माहीत असलेल्याला बरंच काही सांगतात. पांझरेवर वर बंधारा घालायचा, तिथून पाट काढायचा, आणि तो नदीपेक्षा उंच पातळी धरून हळूहळू लांब न्यायचा. पाट आणि नदी यांच्यामधली उताराची जमीन तेवढी भिजते, तिचे फड पाडायचे. म्हणजे पाट कायम भिजणाऱ्या जमिनीच्या वरच्या कडेला असतो, नदीपासून लांबच्या बाजूला. गाव या दोघांच्या मध्ये असेल, तर पाट गावाच्या नदीविरुद्ध अंगाला असणार. आजीचं घर पाटाला पाठ करून असेल, तर ते जुन्या वस्तीच्या त्या काठावरचं होतं. तुम्ही इतके दिवस नदीच्या काठाने शोधत असाल तर बाजू बदला.

नव्या धुळ्यात पाटाची खूण ओळखणं त्यामानाने सोपं आहे. ब्रिग्जच्या आखणीमुळे आग्रा रोड सरळ आणि नंबरांच्या गल्ल्या एकमेकींना समांतर. पाट मात्र पाण्याच्या पातळीने चालतो, त्याला सरळ रेघ माहीत नसते. म्हणून समांतर गल्ल्यांच्या मध्ये एखादा बोळ विनाकारण वळतो, घरांच्या मागच्या भिंती तिरक्या जातात, दोन मिळकतींच्या मध्ये लांबट अरुंद पट्टी कुणाच्याच नावावर नसते, किंवा मोठं गटार रस्त्याची दिशा सोडून स्वतःच्या वाटेने जातं. अशा ठिकाणी मी थांबतो. बुजलेला पाट बहुतेकदा गटार होऊन जिवंत राहतो. जुन्या वस्तीच्या भागात हे इतकं सोपं नाही, कारण तिथे सगळंच वळणाचं असतं.

जाता जाता एक गोष्ट. धुळ्याची आखणी विश्वेश्वरय्यांनी केली असं आपल्याकडे सर्रास सांगतात. त्यांच्या नोकरीची सुरुवातीची वर्षं खान्देशात गेली आणि दातर्तीचा सायफन (पाणी नळातून पलीकडे नेणारी रचना) त्यांच्याच हातचा, याचा आपल्याला अभिमान असायलाच हवा. पण समांतर गल्ल्यांचं धुळं त्यांच्या जन्माच्या चाळीस वर्षं आधी आखलं गेलं. हे सांगायचं कारण असं की चुकीचं दशक मनात धरलं की माणूस दफ्तरात चुकीच्या गठ्ठ्यात शोधतो. इंग्रजी दफ्तरात शोधताना आजचं स्पेलिंगही चालत नाही. धुळ्याचं दोन 'ओ' घालून आणि शेवटी 'आयए' लावून लिहिलेलं रूप, खान्देशचं 'सी'ने सुरू होणारं रूप, तापीचं 'टी' दोनदा घातलेलं रूप, हे सगळं टाकून बघा.

आता बसवायचं कसं. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर वापरा, फुकट आहे आणि पुरेसं आहे. सॉफ्टवेअरचं उत्तर एवढंच. काम आहे ते जुळवणीचे बिंदू निवडण्याचं.

सुरुवातीच्या काळात मी एक कापडावर चिकटवलेला नकाशा नदीकाठाच्या खुणांवर बसवला होता. दिसायला सुरेख बसला. मग त्यावरून एक बुजलेली विहीर दाखवायला गेलो, तर ती दुसऱ्याच वाड्यात निघाली. पांझरेला १८७२ मध्ये मोठा पूर आला होता आणि धुळ्यात घरादारांची फार नासधूस झाली होती. काठ खचतो, गाळ बसतो, भिंत बांधली जाते. जी गोष्ट हललीय का हेच आपल्याला शोधायचंय, तिलाच खुंटी धरून मी नकाशा टांगला होता. तेव्हापासून नदी, ओढा, तळ्याचा काठ, झाड यांना मी बिंदू धरत नाही.

मग काय धरायचं? देवळाचा गाभारा. सभामंडप वाढतो, कुंपण सरकतं, शिखर नवं होतं, पण मूर्तीची जागा सहसा हलत नाही. देवपुरातलं एकवीरा देवीचं देऊळ तुमच्या शीटवर असेल तर ते एक, फक्त आजच्या आवाराचा नाही, गाभाऱ्याचा मध्य धरा. जुन्या पुलाचे दगडी खांब. रेल्वे स्टेशनची मूळ इमारत. जुन्या सरकारी आवारांचे कोपरे. १९३२ मध्ये विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली तो तुरुंग याच कारणासाठी उपयोगी आहे, अशी भिंत सहजासहजी कुणी सरकवत नाही. शेताकडे तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड मिळाला तर सोन्याहून चांगला. विहिरी चालतात, पण बांधीव आणि जागेवर जाऊन बघितलेल्याच. उपग्रह चित्रावर इमारतीचं छप्पर एका बाजूला झुकलेलं दिसतं, म्हणून बिंदू छपराच्या कोपऱ्यावर न देता पायथ्याशी द्या. चित्र स्वतःही काही मीटर इकडेतिकडे असू शकतं.

बिंदू आठ-दहा घ्या आणि ते सगळ्या शीटभर पसरा. सगळे बाजारपेठेत दिले तर बाजार जुळतो आणि देवपूर वाकडं होतं. छापील आणि नीट मोजलेल्या शीटला पहिल्या घाताचं रूपांतर, म्हणजे अख्खा नकाशा एकसारखा सरकवणं, फिरवणं, ताणणं पुरतं, तीन बिंदूंपासून चालतं. ज्या कापडी नकाशाला घड्या पडल्यात, जो एका बाजूने आकसलाय, त्याला थिन प्लेट स्प्लाइन हे रूपांतर लागतं. पण त्याच्यापासून सावध राहा. ते प्रत्येक बिंदूला नकाशा ओढून चिकटवतं, त्यामुळे चूक शून्य दाखवतं. शून्य बघून लोक खूश होतात. एक बिंदू चुकीच्या देवळावर दिला असला तरी ते शून्यच दाखवणार. म्हणून मी तीन-चार बिंदू मुद्दाम बाजूला ठेवतो, जुळवणीत देत नाही, आणि नकाशा बसल्यावर ते कुठे पडले ते मोजतो. खरी चूक तीच.

त्याआधी फोटोचं बघा. मोबाइलचा फोटो कडेला फुगतो. शक्य असेल तर सपाट स्कॅन घ्या, तीनशे-चारशे डीपीआय पुरतं, आणि नकाशाची मापपट्टी स्कॅनमध्ये यायलाच हवी. कागद आडवा आणि उभा सारखा आकसत नाही. उभ्या आणि आडव्या चौकटीची लांबी मोजून ताडून बघा. प्रकल्पासाठी यूटीएम या मीटरमधल्या जागतिक मापन पद्धतीचा ४३ उत्तर हा पट्टा निवडा, अख्खा खान्देश त्यात बसतो. शीट अक्षांश-रेखांशावरून बसवायची असेल तर कोपऱ्यांना एव्हरेस्टच्या मापावरचं कल्याणपूरचं जुनं मापन (सॉफ्टवेअरच्या यादीत 'कालियनपूर') लावून मग डब्ल्यूजीएसमध्ये आणा. तुमचे शे-सव्वाशे मीटर तिथेच जातील. गाव नकाशावर अक्षांश-रेखांश नसतातच, तो बिंदूंवरूनच बसवावा लागतो.

इतर गावांचे लोकही हे वाचतील म्हणून एक सांगतो, सगळीकडे धुळ्याचंच गणित लावू नका. जळगावकरांची अडचण वेगळी आहे. २१ अंश अक्षांशाची रेघ त्यांच्या शहरातूनच जाते, त्यामुळे शहराचा एक तुकडा ४६-ओ या क्रमांकाच्या शीटमध्ये आणि दुसरा ४६-पी मध्ये पडतो. दोन्ही शीट वेगळ्या वेळी मोजलेल्या असल्या तर सांध्यावर रस्ता तुटतो. त्या वेगवेगळ्या बसवा, आधी चिकटवून मग बसवू नका. धुळं सुदैवाने एकाच शीटवर आहे, ४६-एल/१३. भुसावळ रेल्वेने वाढवलेलं गाव, तिथे रूळ आणि रेल्वेची आवारं हेच भक्कम बिंदू. १९६० च्या दशकातलं काही हवं असेल तर अमेरिकेच्या कोरोना या हेर उपग्रहांची चित्रं बघा, १९९५ मध्ये ती खुली झाली. धरणांआधीची शेतं आणि बुजण्याआधीचे पाट त्यांत काही ठिकाणी स्वच्छ दिसतात.

एवढं सगळं करूनही शेवटची शे-दोनशे पावलं चालूनच शोधावी लागतात. एकदा पडद्यावरची रेघ मोबाइलवर घेऊन मी एका बोळात उभा होतो. रेघ एका घराच्या जिन्यातून जात होती आणि मला ती चूक वाटत होती. ओट्यावर बसलेल्या आजीबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "पाट आठेच व्हता, भाऊ." म्हणजे इथेच होता. मग त्यांनी जिन्याखालची फरशी दाखवली. तिच्याखाली दगडी कमान अजून होती. रेघ तीन मीटर चुकली होती, एवढंच. तुमच्या आजीची कोणी मैत्रीण, भाऊबंद त्या भागात असतील तर नकाशा पक्का होण्याआधी त्यांना भेटा. कागद वर्षभराने मिळाला तरी चालेल, माणसांचं तसं नाही. त्यांना 'पाट कुठे होता' एवढंच विचारू नका. धुणं कुठे धुवायचे, गुरं कुठे पाजायचे, पाटाचं पाणी कुठल्या दिशेने जायचं, हे विचारा. दिशा कळली की कुठली बाजू वरची ते कळतं.

आणि एक विनंती. बसवलेला नकाशा घेऊन कुणाच्या भिंतीकडे बोट दाखवू नका. तुमची रेघ चार-पाच मीटर चुकीची असू शकते आणि जुन्या वस्तीत चार-पाच मीटर म्हणजे अख्खं घर. हद्दीचा वाद असेल तर सरकारी मोजणीच लागते. आपण फक्त पाट शोधतोय, हे तिथल्या लोकांना आधी सांगा. मग ते स्वतःहून चार गोष्टी दाखवतात.

सध्या हातात काहीच कागद नसेल तर एक काम आजही करता येईल. पहिला मोठा पाऊस पडला की जुन्या वस्तीच्या नदीविरुद्ध काठाने छत्री घेऊन एक फेरी मारा, पाणी कुठल्या बोळातून आडवं वाहतं आणि कुठे तुंबतं ते बघून ठेवा. आणि सिटी सर्व्हेचा नकाशा मिळाला की मापपट्टीसकट स्कॅन करून इथे टाका. कुठले बिंदू धरायचे ते बघून सांगतो.